स्मिता पाटील आणि आपल्या मुलींची तालीम



पालकांच्या रांगांमध्ये मला आजी-आजोबाच जास्त दिसताहेत. आपल्या बीड जिल्ह्यात गॅदरिंगचे दिवस आणि उसाचा हंगाम एकाच वेळी येतात. तुमच्यापैकी कितीतरी जणांचे आई-वडील या घडीला पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात, कुठल्यातरी फडात मोळ्या बांधत असतील. तुमचं नाटक त्यांना बघता येणार नाही. म्हणून पहिला नमस्कार त्यांना.

सिनेमा आणि टीव्हीतल्या करिअरवर बोला, असं मला सांगितलं आहे. मी एकाच अभिनेत्रीबद्दल बोलणार आहे, स्मिता पाटील. आज पहिल्या वर्षाला असलेल्यांच्या जन्माच्या कितीतरी आधी, 13 डिसेंबर 1986 रोजी, ती गेली. वय अवघं 31. तरीही अभिनय शिकवताना मला वारंवार तिच्याकडेच जावं लागतं.

वडील शिवाजीराव पाटील खानदेशातल्या शिरपूरचे, राजकारणातले. आई विद्याताई समाजकार्यातल्या. स्मिता राष्ट्र सेवा दलाच्या संस्कारात वाढली. मुंबई दूरदर्शन 1972 साली सुरू झालं आणि तिथे ती मराठी बातम्या वाचू लागली. जीन्सवरच साडी गुंडाळून ती कॅमेऱ्यासमोर बसायची, हा किस्सा प्रसिद्ध आहे. तो ऐकून सगळे हसतात. मला मात्र त्यातली दुसरी गोष्ट महत्त्वाची वाटते. बातम्या वाचताना नट्टापट्टा, नाच, गाणं यातलं काहीच मदतीला नसतं. चेहरा, आवाज आणि शब्दाचा अर्थ, एवढ्यावरच लोकांना धरून ठेवायचं असतं. तो चेहरा आणि तो आवाज दिग्दर्शक श्याम बेनेगल यांनी हेरला.

1976 साली त्यांचा ‘मंथन’ आला. गुजरातमधल्या पाच लाख दूध उत्पादक शेतकऱ्यांनी प्रत्येकी दोन रुपये घालून काढलेला सिनेमा. चित्रीकरणाच्या वेळी बाहेरून आलेल्या मुलांनी विचारलं, हिरॉईन कुठे आहे? गावच्या बायकांत बसलेल्या स्मिताकडे बोट दाखवलं, तर त्यांचा विश्वासच बसेना, अशी आठवण सांगितली जाते. पुढच्याच वर्षी ‘जैत रे जैत’मध्ये ती ठाकर समाजातली चिंधी झाली. त्यातली गाणी आपल्या मराठवाड्याच्या ना. धों. महानोरांची. त्या सिनेमात तिचं चालणं बघा. डोंगर रोज चढणारी बाई जसं पाऊल टाकते, तसं ती टाकते. तसं चालणं आरशासमोर उभं राहून येत नाही. त्यासाठी कष्टकरी बाईकडे आदरानं, बराच वेळ बघत बसावं लागतं.

‘भूमिका’ही 1977 चाच. हंसा वाडकरांच्या आत्मचरित्रावर बेतलेल्या त्या कामासाठी तिला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, पुढे ‘चक्र’साठी दुसरा. सत्यजित राय यांनी 1981 साली दूरदर्शनसाठी प्रेमचंदांच्या कथेवर ‘सद्गती’ केली, त्यात ओम पुरींच्या पात्राची बायको तीच. 1982 या एकाच वर्षात ‘उंबरठा’ही आला आणि ‘नमक हलाल’, ‘शक्ती’सारखे मोठे व्यावसायिक सिनेमेही. 1985 मध्ये पद्मश्री. ‘उंबरठा’तली सुलभा महाजन हे मराठी पडद्यावरच्या बाईचं सर्वांत खरं चित्र आहे, असं माझं ठाम मत आहे. महिला सुधारगृहाची नोकरी पत्करून घराबाहेर पडणारी ही बाई ना देवी आहे, ना खलनायिका. तिला काम करायचं आहे, एवढंच.

आता ‘मिर्च मसाला’. तो स्मिता गेल्यानंतर, 1987 मध्ये लोकांसमोर आला. मिरचीच्या कारखान्यात आश्रय घेतलेली सोनबाई सुभेदाराला नकार देते. शेवटी तिच्या हातात विळा आहे. ती तो धरून उभी राहते. तुम्ही बीडची मुलं आहात. तुमच्याकडे ऊस तोडणाऱ्या नवरा-बायकोच्या जोडीलाच ‘कोयता’ म्हणतात. मुकादमाकडून आगाऊ उचल घेतली की तो कोयता पट्टा पडेपर्यंत, म्हणजे हंगाम संपेपर्यंत, फडातच. म्हणून ती मूठ किती घट्ट आहे, हे माझ्यापेक्षा तुम्हाला जास्त कळेल. तुमच्या आईची कोयत्यावरची पकड, मोळी डोक्यावर घेताना मानेला बसणारा हिसका, फडावरून परतल्यावर चुलीपुढे बसण्याची तिची रीत, हे तुम्ही लहानपणापासून बघितलं आहे. शहरातल्या मुलांना हे शिकवताना मी थकतो. ही तुमची पुंजी आहे. टीव्हीवरच्या मालिकेतल्या सुनेची नक्कल करण्यात ती वाया घालवू नका.

आपल्याकडच्या मुली पुढे गेल्याही आहेत. सोलापूर जिल्ह्यातली, अकलूजची रिंकू राजगुरू शाळेत असतानाच ‘सैराट’ची आर्ची झाली आणि राष्ट्रीय पुरस्कारांत तिच्या कामाची खास दखल घेतली गेली. मिताली जगताप औरंगाबादची, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरची. ‘बाबू बँड बाजा’साठी तिला सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. तुमच्याच माजलगावच्या संदीप पाठक यांना तर सगळे ओळखतात. माजलगावचा मुलगा पुढे जाऊ शकतो. मग केजची, पाटोद्याची, वडवणीची मुलगी कुठे अडते?

मी अनेक महाविद्यालयांत एकांकिका बसवल्या आहेत. मुली कुठे अडतात, ते मी बघितलं आहे. तालीम ठेवली जाते संध्याकाळी आणि गावाकडची शेवटची एसटी निघते त्याआधी. एसटीच्या पासवर येणारी मुलगी दोन दिवस कशीबशी थांबते, तिसऱ्या दिवशी घरून निरोप येतो. मग तिची भूमिका शहरात राहणाऱ्या मुलीला जाते, नाहीतर मुलगाच साडी नेसून उभा राहतो. गुण कमी पडले म्हणून ती मागे राहत नाही, गाडी चुकते म्हणून राहते.

प्राचार्य महोदय, या व्यासपीठावरून माझं एकच मागणं आहे. पुढच्या वर्षी एकांकिकेची तालीम दुपारी, वेळापत्रकात घाला, प्रॅक्टिकलसारखी. आणि आजी-आजोबांनो, नात म्हणाली, ‘आज तालीम आहे,’ तर तिला जाऊ द्या.