वॉलायचं वेळापत्रक



माझं माहेर दापोलीकडचं. घर शाकारायचं, आगोटीचं सामान भरायचं, होड्या वर ओढून झापांनी झाकायच्या, या कामांची वेळ तिथे समुद्रच ठरवून देतो. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारी बंद. त्या दिवसांत जाळी दुरुस्त होतात.

अमेरिकेत मिनेसोटातल्या मि लॅक्स तळ्याकाठी आम्हा तीन कुटुंबांची मिळून एक लाकडी केबिन आहे. तिथे निसर्ग अशी वाटणी करून देत नाही. या तळ्याचा पसारा पाचशे चौरस किलोमीटरहून जास्त, खोली मात्र जास्तीत जास्त १३ मीटर. हिवाळ्यात त्यावरून गाड्या जातात इतका जाड बर्फ धरतो. तो साधारण एप्रिलच्या शेवटी फुटतो, आणि मेच्या मध्याला एका शनिवारी वॉलाय माशाचा हंगाम उघडतो. सहा महिने बंद असलेलं घर उघडायचं आणि गळही टाकायचा, दोन्ही एकाच पंधरवड्यात!

पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगतं. म्हणून शरदात केबिन बंद करताना नळातला थेंबन् थेंब काढावा लागतो. एका वर्षी मोरीखालच्या वळणात ओंजळभर पाणी माझ्याकडून राहून गेलं. वसंतात पंप सुरू केला तर जमिनीखाली कारंजं. हंगामाचा पहिला दिवस मी फळ्यांखाली सरपटत, फुटका नळ बदलण्यात घालवला. होडीचा धक्काही दर शरदात काढून काठावर ठेवावा लागतो, नाहीतर सरकणारा बर्फ त्याचे पाय मोडतो.

मग मासे कधी धरायचे? त्याचं उत्तर वॉलायच्या डोळ्यांत आहे. मांजरासारखा त्यांच्या मागे चकाकणारा पडदा असतो. अंधुक उजेडात त्याला छान दिसतं, आणि लहान माशांना तेव्हा नीट दिसत नाही. म्हणून तो पहाटे आणि तिन्हीसांजेला खायला निघतो. आम्ही दिवसाची वाटणी त्याच्यावर सोपवली. उजाडायच्या आत होडीत बसायचं, नऊला परतायचं. मग लाकडं फोडणं, धुराडं झाडणं, उंदरांनी केलेली भोकं बुजवणं, व्हरांड्याला तेल देणं. ऊन कललं की पुन्हा पाण्यावर. दुपारी कामं टाकून गळ घेऊन बसणाऱ्याला या तळ्यात बहुधा उन्हाशिवाय काही मिळत नाही.

पण मला आज खरं सांगायचंय ते वेगळंच. यातली काही कामं घरासाठी नसतात, माशांसाठी असतात. सेप्टिक टँक वेळेवर उपसला नाही तर त्यातलं फॉस्फरस झिरपत तळ्यात जातं आणि पाण्यावर शेवाळ माजतं. तो निदान तीन वर्षांतून एकदा तपासून घ्यावा असा मिनेसोटाचा नियम आहे, आणि तो योग्यच आहे.

दुसरं, झेब्रा शिंपला. नखाएवढा, पट्ट्यापट्ट्यांचा. जहाजांच्या पाण्यातून १९८०च्या दशकात तो युरोपातून पंचमहासरोवरांत आला आणि २००५मध्ये मि लॅक्समध्ये सापडला. तो पाणी गाळून स्वच्छ करतो. ऐकायला बरं वाटतं, पण उजेड न सोसणाऱ्या वॉलायला तेच पाणी नकोसं होतं, शिवाय पिल्लांचं अन्न असलेले सूक्ष्मजीव शिंपलाच खाऊन टाकतो. या तळ्यातल्या वॉलायची संख्या घटली त्यामागच्या कारणांत अभ्यासक याचाही विचार करतात. शिंपल्याची पिल्लं डोळ्यांना दिसत नाहीत. होडीच्या तळाशी उरलेल्या तांब्याभर पाण्यातूनही ती पुढच्या तळ्यात पोचू शकतात.

म्हणून अमेरिकेत तळ्याकाठी सुटी घालवणाऱ्या माझ्या मराठी मंडळींना कळकळीची विनंती. परतताना कितीही उशीर झाला असो, होडीचं बूच काढा, सगळं पाणी तिथेच काठावर ओता, नांगराला लागलेलं गवत हातानं सोडवा. दुसऱ्या तळ्यावरून जुना धक्का विकत आणलात, तर तो पाण्यात उतरवण्याआधी २१ दिवस कोरडा ठेवा. मिनेसोटाचा कायदाही तेच सांगतो.