दोन मोटारी, दोन वचनें

२६ मे ही तारीख मोटारींच्या इतिहासांत दोनदां महत्त्वाची ठरली. १९२७ सालीं त्या दिवशीं अमेरिकेंत फोर्डच्या ‘टी’ मॉडेलची दीड कोटींचा आकडा पुरा करणारी गाडी बाहेर पडली आणि त्या मॉडेलचा समारोप झाला. १९३८ सालीं त्याच दिवशीं जर्मनींत हिटलरनें फोक्सवागेनच्या कारखान्याची कोनशिला बसविली. दोन्ही गाड्या सामान्य माणसाच्या नांवानें निघाल्या. पण तें नांव दोघींनीं सारखें राखलें नाहीं.

रचनेंत त्या परस्परांच्या अगदीं उलट होत्या. १९०८ च्या ‘टी’ गाडीचें एंजिन पुढें, वीस अश्वशक्तीचें व पाण्यानें थंड होणारें. खेड्यांतील चिखलवाटांसाठीं ती जमिनीपासून चांगली उंच ठेवलेली होती. पेट्रोल मात्र टाकींतून केवळ स्वतःच्या भारानें खालीं येई. त्यामुळें पेट्रोल कमी असतां उभा चढ आला, कीं एंजिनाला तें मिळेनासें होई. मग चालक गाडी वळवून पाठमोरी चढवीत असे! फर्डिनंड पोर्शे यांनीं आंखलेल्या जर्मन गाडीचें एंजिन मागें होतें व हवेनें थंड होई. पाणीच नसल्यामुळें हिवाळ्याच्या रात्रीं उघड्यावर उभी राहिली तरी तें गोठण्याचें भय नव्हतें.

परंतु खरा प्रश्न रचनेचा नव्हे, किंमतीचा होता. ‘टी’ प्रथम ८५० डॉलरला विकली जाई. १९१३ सालीं फोर्डनें सरकत्या सांखळीवर गाड्या जोडण्यास आरंभ केला. सांगाडा जुळविण्यास लागणारे साडेबारा तास दीड तासावर आले. तेंच तें काम दिवसभर करून कंटाळलेले कामगार टिकेनात, म्हणून १९१४ सालीं रोजची मिळकत पांच डॉलर करण्यांत आली. हें निव्वळ औदार्य नव्हतें. ती पुरी मिळण्यासाठीं कामगारांच्या घरगुती वागणुकीचीहि चौकशी होई. तरी १९२५ सालीं दोन आसनांची गाडी २६० डॉलरला मिळूं लागली. पांच डॉलरच्या हिशेबानें ती ५२ दिवसांची कमाई झाली.

जर्मनींत किंमत ठरली ९९० मार्क. आठवड्याला पांच मार्कांचें तिकीट पुस्तिकेंत चिकटवावें आणि सुमारें चार वर्षांनीं गाडी न्यावी, अशी योजना होती. सुमारें ३,३६,००० लोकांनीं बचत केली. १९३९ सालीं युद्ध पेटलें. कारखान्यांतून लष्करी वाहनें निघूं लागलीं आणि तीं बनविण्यास सक्तीनें आणलेले मजूर जुंपले गेले. बचत करणाऱ्यांपैकीं एकालाहि त्या योजनेंतून गाडी मिळाली नाहीं.

१९४५ नंतर ब्रिटिश लष्करांतील मेजर आयव्हन हर्स्ट यांनीं मोडकळीस आलेला तो कारखाना चालू केला. तीच गाडी पुढें ‘बीटल’ म्हणून जगभर गेली. १७ फेब्रुवारी १९७२ रोजीं तिनें ‘टी’चा विक्रम मोडला आणि २००३ सालीं मेक्सिकोंत तिचें उत्पादन संपेपर्यंत २ कोटी १५ लाखांहून अधिक गाड्या बनल्या.

जुन्या बचतदारांचें काय झालें? दीर्घ न्यायालयीन वादानंतर १९६१ सालीं तडजोड झाली: नव्या गाडीच्या किंमतींत ६०० मार्कांपर्यंत सूट, अथवा रोख १०० मार्क. पुस्तिकेंत तिकिटें चिकटविलीं त्याला तेव्हां वीस वर्षांवर काळ लोटला होता.