एक जागा, दोन पोरी

आज हप्ते आणि बचत बाजूला ठेवू, हॉकीवर बोलू. आमच्या गटातल्या दोघींच्या मुली एकाच संघाच्या निवड चाचणीला उतरल्यात. जागा उरलीय एक. एक पोरगी पुढे खेळते, गोल मारते. दुसरी मागे, बचावाला. बैठकीत आम्ही बोलून मोकळे झालो, "गोल मारणारीच जाणार!" दुसरीची आई काहीच बोलली नाही. पुढच्या बैठकीला ती आलीच नाही, बचत शेजारणीच्या हाती पाठवली.

मग आम्ही मुलींच्या सरांना गाठलं. ते म्हणाले, "ताई, जागा कुठली आहे ते आधी विचारलंत का?" नव्हतं विचारलं. पुढे खेळणारीची हवी की मागची, त्यावरच सगळं. आणि नुसते गोल मोजू नका म्हणाले. जोरात आलेला चेंडू स्टिकला लागून लांब उडतो की जवळ राहतो, ते बघा. चेंडू गेल्यावर पोरगी कमरेवर हात ठेवून उभी राहते की उलटी धावत येते, ते बघा.

रविवारी आम्ही मैदानाच्या कडेला जाऊन बसलो. बचाववाली पोरगी चेंडू नसतानासुद्धा सारखी जागा बदलत होती, पुढच्यांना ओरडून सांगत होती. इतकी वर्षं आम्हाला ते दिसलंच नव्हतं. आम्ही चेंडूकडेच बघायचो ना!

मोठ्या खेळातही हेच. बायकांची पहिली हॉकी इंडिया लीग 2025 साली रांचीला झाली. चार संघ. त्याआधी 2024 च्या ऑक्टोबरात खेळाडूंचा लिलाव झाला, त्यात सगळ्यांत जास्त बोली लागली उदितावर, 32 लाख. ती बचावपटू आहे. आणि 26 जानेवारीच्या अंतिम सामन्यात ओडिशा वॉरियर्स 2-1 नं जिंकले, ते दोन्ही गोल आपल्या महाराष्ट्राच्या ऋतुजा पिसाळचे. म्हणजे दोन्हीकडच्या पोरींना मोल आहे, फक्त मोजमाप वेगळं.

एक गोष्ट मात्र आम्हाला खटकते. आपल्या पोरी मुरमाड मैदानावर खेळतात, चेंडू उडत उडत येतो. मोठे सामने होतात टर्फवर. तिथं पाणी मारलेलं असतं, चेंडू सरसर येतो. चाचणीच्या दिवशी पहिल्यांदा टर्फवर पाय ठेवणारी पोरगी दोन चेंडू चुकली, तर तिला कच्ची कसं म्हणायचं? चाचणीआधी चार दिवस तरी टर्फवर सराव मिळावा, असं आम्ही सरांना सांगितलंय. बघू.

बैठकीला न आलेल्या ताईंकडे आम्ही घरी जाऊन आलो. चूक कबूल केली. चहा झाला, आधी थोडा रुसवाही झाला. टर्फवर चालतील असे बूट दोघींनाही लागणार, म्हणून दोन्ही आयांना गटातून अंतर्गत कर्ज दिलंय, सारख्याच रकमेचं. चाचणी पुढच्या गुरुवारी आहे. दोघी आया एकाच एसटीनं निघणार आहेत, डबा कोण करणार यावर अजून वाद चालू आहे.