पांढरी माशी: कोणतं झाड वाचवायचं, कोणतं उपटायचं

पडेगावहून बोलतेय. गच्चीत, अंगणात भेंडी, टोमॅटो, वांगी लावणाऱ्यांचा सध्या एकच प्रश्न आहे: झाडाला हात लावला की पांढरा भुगा उडतो, काय करू?

ही पांढरी माशी. शहराबाहेर पडलं की आपल्याकडे कपाशी, आणि कपाशीवर ती मजेत राहते. म्हणजे तिकडून ती येतच राहणार. बाग कायमची माशीमुक्त होईल, ही आशा सोडा.

आता पान उलटं करून बघा. उडतात त्या मोठ्या माश्या. अंडी आणि चपटी पिल्लं पानाच्या खालीच चिकटलेली असतात. पिल्लं रस शोषतात, चिकट द्रव सोडतात, त्यावर काळी बुरशी चढते. उष्ण हवेत अंड्याची माशी व्हायला दोन-तीन आठवडे पुरतात. म्हणून एका फवारणीत भागत नाही.

नळाला रोज पाणी येत नाही, त्यामुळे पाइपने झाडं धुवा असं मी सांगणार नाही. चार-सहा कुंड्या असतील तर ओल्या फडक्याने पानं खालून पुसा. मग 1 लिटर पाण्यात भांड्याच्या लिक्विडचे थोडे थेंब, त्यात 5 मिली कडुनिंबाचं तेल, नीट हलवून. आधी एका पानावर मारून बघा. फवारणी ऊन उतरल्यावर, पानाच्या खालून. दर 5-7 दिवसांनी, निदान तीन वेळा. पिवळ्या पुठ्ठ्यावर प्लास्टिक गुंडाळून एरंडेल लावा, मोठ्या माश्या त्याला चिकटतात.

आता महत्त्वाचं. भेंडीच्या पानाच्या शिरा पिवळ्या पडून जाळी दिसली, तर तो हळद्या, काही जण केवडा म्हणतात. हा विषाणू आहे, माशी तो झाडोझाडी नेते. निंबोळीने माशी कमी होते, पण झाडात शिरलेला विषाणू निघत नाही. अशा झाडाला अजून चार भेंड्या लागतील म्हणून आपला जीव अडकतो. पण त्या झाडावर बसलेली माशी शेजारच्या झाडांना रोग देत सुटते. एक ठेवलं की दहा जातात. उपटा. टोमॅटोची पानं आखडून बारीक झाली, झाड खुजं राहिलं, तरी हेच.

आपल्या परभणीच्या कृषी विद्यापीठाने 'परभणी क्रांती' हा भेंडीचा वाण याच रोगाला तोंड देण्यासाठी काढला. रानटी जातीशी संकर करून आलेला हा वाण, पण आता तोही सगळीकडे पूर्वीसारखा टिकत नाही. तरी बी घेताना 'हळद्याला सहनशील आहे का?' असं दुकानात विचाराच.

आणि हात जोडून एक विनंती: शेतातलं कपाशीचं उरलेलं औषध घरच्या भेंडीवर मारू नका. भेंडी आपण एक दिवसाआड तोडतो आणि लेकरांच्या ताटात वाढतो. शिवाय काही औषधांनी माशीला खाणारे मित्रकिडे आधी मरतात, आणि माशी दुपटीने येते.

तर आज संध्याकाळी पानं उलटून बघा, आणि काय दिसलं ते कळवा. भेटू पुढच्या भागात!