आधी जुना वाडा, मग हॉटेल: चेंगडूचं 'टेंपल हाऊस'

हेडफोन लावलेत? चला, आज चेंगडूला जाऊ. चेंगडू ही चीनच्या सिचुआन प्रांताची राजधानी. आपल्या गाडीवरच्या शेजवान राईसमधलं 'शेजवान' म्हणजे हेच सिचुआन. चवीचं मात्र विचारू नका, नातं नावापुरतंच आहे!

या शहराच्या अगदी मध्यात दात्सी नावाचं जुनं बौद्ध मंदिर आहे. शाळेत वाचलेला युआन श्वांग आठवतो ना, पुलकेशीच्या काळातल्या महाराष्ट्राबद्दल लिहून ठेवणारा? त्याने ६२२ साली चेंगडूतच भिक्षू म्हणून पूर्ण दीक्षा घेतली. तीही याच मंदिरात, असं तिथली परंपरा सांगते. या मंदिराशेजारी २०१५ साली एक लक्झरी हॉटेल सुरू झालं. तेव्हाचं नाव 'टेंपल हाऊस'. १०० खोल्या, शिवाय जास्त दिवस राहणाऱ्यांसाठी ४२ अपार्टमेंट.

आता 'चिनी स्टाइल हॉटेल' म्हटलं की काय डोळ्यासमोर येतं? लाल कंदील, भिंतीवर ड्रॅगन, लॉबीत एखादी कोरीव खुर्ची. ते सगळं कुठल्याही शहरात आणून लावता येतं. इथे मात्र तुम्ही आत शिरता तेच छिंग राजवटीतल्या, शंभराहून जास्त वर्षं जुन्या वाड्यातून. त्याचं नाव बिटिएशी. हा शब्द मांचू भाषेतून आला. कागदपत्रं आणि भाषांतरं सांभाळणाऱ्या सरकारी कारकुनाला बिटिएशी म्हणत. ही वास्तू दुरुस्त केली, तिच्या जागीच ठेवली, आणि हॉटेलचं दार तिलाच केलं.

यात गंमत काय, तर जुन्या चिनी घराची सगळी मजा आत जाण्यात असते. रस्त्याच्या बाजूला भिंत, मग दार, मग मोकळं अंगण आणि अंगणाभोवती खोल्या. आपल्या वाड्यातला चौक आठवा, कल्पना येईल. रस्त्याचा गोंगाट एकदम बंद होत नाही, पायरीपायरीने मागे पडतो. हॉटेलने हा क्रम घेतला. मागे एल आकाराच्या दोन आधुनिक इमारती आहेत आणि त्यांच्या मधोमध पुन्हा अंगणच!

या इमारतींना उतरती कौलं वगैरे चिकटवलेली नाहीत. डिझाइन लंडनच्या मेक आर्किटेक्ट्सचं. सिचुआन शू ब्रोकेडसाठी, म्हणजे तिथल्या रेशमी विणकामासाठी प्रसिद्ध आहे, म्हणून बाहेरच्या भिंतीत विटाच विणल्यासारख्या रचल्यात. खोलीत आजच्या सगळ्या सोयी. म्हणजे जुनं खरंखुरं जुनं आणि नवं उघडउघड नवं. जुनेपणाचं नाटक नाही. मला हे सगळ्यात जास्त आवडतं.

पण थांबा, एक टोचणारा प्रश्न आहेच. वाडा वाचला, पण कुणासाठी? हॉटेलला लागूनच मोठ्या ब्रँडच्या दुकानांचा 'थायकू ली' परिसर आहे. तिथेही जुन्या वास्तू जपल्या आहेत. भिंती राहिल्या, पण आसपासचं रोजचं जगणं बदललं. एका रात्रीचं भाडं न परवडणाऱ्याने तो वाडा बाहेरूनच बघायचा का?

इथे चेंगडूची एक सवय कामी येते, ती म्हणजे चहा. उद्यानात बांबूच्या खुर्च्या टाकून, झाकणवाल्या कपातला चहा पीत तासन्‌तास गप्पा मारणारं हे शहर. हॉटेलने जुन्या वास्तूतच 'मी शुन' नावाचं चहाघर ठेवलंय, आणि तिथे बसायला खोली बुक करावी लागत नाही. जेवण पूर्ण शाकाहारी, मिशलिन स्टार मिळालेलं. स्वस्त नक्कीच नाही. म्हणजे दार उघडं आहे, पण अर्धंच. तरी पाडून टाकलेल्या वाड्याला अर्धंही दार नसतं, हेही खरं.

म्हणून पुढच्या वेळी कुठल्याही हॉटेलच्या रीलवर 'पारंपरिक टच' दिसला, की तीन प्रश्न विचारा. जुनी वस्तू तिच्या मूळ जागी आहे का? नवी इमारत जुन्याची नक्कल करतेय, की तिच्याकडून काही शिकलीय? आणि तिथे न राहणारा माणूस आत जाऊन बसू शकतो का?

तुमच्या गावातल्या एखाद्या जुन्या वास्तूला हे प्रश्न लावून बघा आणि उत्तरं आम्हाला पाठवा. भेटू पुढच्या भागात. तोवर मजेत राहा!