कॅनडाची दोन दारं



गटाच्या बैठकीत कर्ज कशाला हवं असं विचारलं, की पूर्वी शेळी, शिलाई मशीन, बी-बियाणं अशी उत्तरं यायची. आता एखादी ताई हळूच म्हणते, “पोराला कॅनडाला पाठवायचंय.” आणि लगेच पुढचं वाक्य येतं, “दोन वर्षं शिकला की तिथंच कायम होतो, असं एजंट म्हणालाय.” हे वाक्य कितपत खरं आहे, ते आज आपण आकडे घेऊन तपासू.

आधी एक फरक नीट समजून घ्या. कॅनडात शिरायला दोन दारं आहेत. एक तात्पुरतं. शिक्षणाचा व्हिसा, कामाचा परवाना हे सगळं त्या दारातून. त्यावर तारीख असते, तारीख संपली की परत यायचं. दुसरं दार कायमच्या वास्तव्याचं. त्यालाच सगळे ‘पीआर’ म्हणतात. पीआर मिळालेला माणूस तिथं कुठंही राहू शकतो, काम करू शकतो. मतदान मात्र करता येत नाही, आणि दर पाच वर्षांतली दोन वर्षं तिथं काढावी लागतात. नागरिकत्व ही त्याच्याही पुढची पायरी. पहिल्या दारातून आत गेलेल्याला दुसरं दार आपोआप उघडत नाही. एजंट नेमकं हेच सांगत नाही.

आता आकडे. २०१५ साली कॅनडानं सुमारे २ लाख ७१ हजार लोकांना पीआर दिला. २०२३ साली तोच आकडा ४ लाख ७१ हजारांवर गेला. त्यात दर दहांमागे जवळजवळ तिघं भारतातले होते. एवढी माणसं कशाला घेतली? तिथं मुलं कमी जन्मतात, म्हातारी माणसं वाढतात, कामाला हात कमी पडतात. म्हणून १९६७ पासून तिथं गुण मोजून माणसं घेण्याची पद्धत आहे. वय, शिक्षण, भाषा आणि कामाचा अनुभव यांचे गुण.

पण पीआर वाढत होते, त्याहून कितीतरी वेगानं तात्पुरती माणसं वाढली. २०२३ या एका वर्षात कॅनडाची लोकसंख्या १२ लाखांहून जास्त वाढली. त्यात बहुतेक सगळे बाहेरून आलेले, आणि निम्म्याहून अधिक तात्पुरत्या परवान्यावरचे. घरं कमी पडली, भाडी चढली, लोकांची कुरकुर सुरू झाली. मग सरकारनं हात आखडता घेतला. २०२४ च्या जानेवारीत विद्यार्थ्यांच्या परवान्यांवर मर्यादा आली. त्याच वर्षी ऑक्टोबरात पीआरही कमी केले. २०२५ साठी ५ लाख ठरले होते, ते ३ लाख ९५ हजारांवर आणले. २०२६ साठी ३ लाख ८० हजार.

म्हणजे कसं, लग्नात जेवण पाचशे माणसांचं आणि पत्रिका वाटल्या हजार. आता पंगतही आणखी लहान केली. आधीपासून मांडवात उभे आहेत तेच ताटाची वाट बघतायत, आणि आपला पोरगा त्यांच्या मागं उभा राहणार आहे.

दार बंद झालंय असं मी म्हणत नाही. दहातले साधारण सहा पीआर कामाच्या कौशल्यावर दिले जातात. वय वीस ते एकोणतीस असेल तर वयाचे सर्वांत जास्त गुण. इंग्रजी किंवा फ्रेंच चांगली हवी. २०२३ पासून नर्सिंगसारखी आरोग्याची कामं, सुतारकाम-वेल्डिंगसारखी हातकामं आणि फ्रेंच येणारे यांच्यासाठी वेगळ्या फेऱ्याही निघतात. चांगली नर्स किंवा वेल्डर असलेल्या पोरीला-पोराला वाट आहे. नुसता कुठला तरी डिप्लोमा घेतलेल्याला ती फार अरुंद झाली आहे.

खर्चही ऐका. फी आणि विमान सोडून, तिथल्या राहण्या-खाण्यासाठी दाखवायची रक्कम २०२४ च्या जानेवारीपासून १०,००० डॉलरवरून २०,६३५ डॉलर केली. आपले बारा लाखांहून जास्त. नंतर ती आणखी वाढली.

आता लेकींबद्दल. स्थळ कॅनडाचं आलं, की मुलगा काय कमावतो याच्या आधी विचारा, त्याचा कागद कुठला? विद्यार्थी, कामाचा परवाना, पीआर की नागरिक? बायकोला पीआरसाठी बोलवायचा हक्क पीआर असलेल्याला किंवा नागरिकालाच आहे. विद्यार्थ्याला नाही. छोटा डिप्लोमा करणाऱ्याच्या बायकोला २०२४ पासून कामाचा परवानाही सहसा मिळत नाही. ती घरातच अडकते.

आणि हे प्रत्येकीनं लक्षात ठेवावं. नवऱ्यानं बोलावलेल्या काही बायकांना २०१२ पासून एक अट होती, दोन वर्षं त्याच्यासोबत राहिली तरच पीआर टिकेल. छळ सोसून बायका गप्प बसायच्या. छळ झाला तर अटीतून सूट होती, पण ती कित्येकींना माहीतच नसायची. २०१७ साली ती अट काढून टाकली. आज पीआर मिळालेली बाई छळ करणाऱ्या नवऱ्याचं घर सोडून गेली, म्हणून तिचा पीआर जात नाही. तो कागद तिच्या स्वतःच्या नावाचा असतो. “तुला परत धाडतो” अशी धमकी कुणी दिली, तर तिला हे माहीत असायला हवं.

जमीन गहाण टाकण्याआधी किंवा गटाकडे अर्ज करण्याआधी तीन गोष्टी करा. एक, कॉलेजचं प्रवेशपत्र खरं आहे का, हे थेट कॉलेजला ईमेल करून विचारा. २०२३ साली खोट्या प्रवेशपत्रांमुळं भारतातल्या कित्येक विद्यार्थ्यांवर परत पाठवलं जाण्याची वेळ आली होती. दोन, पैसे घेऊन तिथल्या सरकारपुढं आपली बाजू मांडायचा अधिकार तिथल्या वकिलाला किंवा परवानाधारक सल्लागारालाच आहे. त्यांची यादी इंटरनेटवर उघडी आहे, गावातल्या शिकलेल्या मुलीकडून बघून घ्या. तीन, पोराला पीआर मिळालाच नाही आणि तो तीन-चार वर्षांनी परत आला, तर हप्ता कोण आणि कशातून फेडणार, हे घरात सगळ्यांसमोर बोलून घ्या.

या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर असेल, तर पोराला खुशाल पाठवा. नसेल तर सहीसाठी थांबा. सही आपली असते, आणि जामीन राहिलेल्या मैत्रिणींचीही असते. पुढच्या बैठकीत हे आकडे मोठ्यानं वाचा आणि त्यावर बोला.