घरात आलेला कारखाना



मला येथे बोलावले, तेव्हा मी बंद पडलेल्या कारखान्यांविषयी बोलेन, अशी चालकांची अपेक्षा असावी. माझे शालेय शिक्षण नववीपर्यंत झाले. पुढचे सारे लेथवर, कारखान्याच्या गेटवर आणि सार्वजनिक वाचनालयात. भांडुपपासून मुलुंडपर्यंत लालबहादूर शास्त्री मार्गाच्या दोन्ही अंगांना जे कारखाने होते, त्यांचे भोंगे ऐकत मी वाढलो आणि त्यांतले पुष्कळसे बंद होतानाही पाहिले. त्यावर मी रात्रभर बोलू शकेन. परंतु रडगाण्याने कोणाचे पोट भरत नाही. आज मी अशा कारखान्याविषयी बोलणार आहे, की ज्याला गेट नाही, भोंगा नाही आणि दारावर पाटीही नाही. तो आमच्याच इमारतीत तिसऱ्या मजल्यावर आहे, आणि दोन वर्षे मला त्याचा पत्ता नव्हता.

तो चालवणारा मुलगा तिशीच्या आतबाहेरचा आहे. त्याच्याकडे सात माणसे. तो स्वतः मुलुंडला, एक जण बोरिवलीला, एक नांदेडला, एक कुडाळला, एक मुलगी चिपळूणला. सातांनी मिळून एकत्र चहा घेतला, असा प्रसंग वर्षातून एकदा येतो. त्यांचा माल काय, ते मी माझ्या भाषेत सांगतो. माझ्यासारख्या टर्नरला एवढे कळते, की लेथ एका कंपनीची असते आणि तिच्यावर बसणारा एखादा खास जोड साकीनाक्याच्या गाळ्यात दुसराच कोणी बनवतो. वेबसाइटींचेही तसेच आहे. जगातल्या दर दहा वेबसाइटींपैकी चार 'वर्डप्रेस' या एकाच प्रणालीवर चालतात. मॅट मुलेनवेग आणि माइक लिटल यांनी ती २००३ साली सुरू केली. २००४ साली तिला बाहेरून जोड बसवण्याची सोय झाली. या जोडाला प्लगिन म्हणतात. आमच्या मुलाचे प्लगिन असे, की दाताचा दवाखाना असो की केशकर्तनालय, गिऱ्हाइकाने घरबसल्या वेबसाइटवर आपली वेळ ठरवावी.

एवढ्याशा जोडावर सात घरे कशी चालतात? मीही हेच विचारले. तो म्हणाला, "काका, साधे प्लगिन फुकट देतो. ज्याला जास्त सोयी हव्यात, तो वर्षाला पैसे भरतो. फुकट वापरणारे पुष्कळ, पैसे देणारे थोडे. पण गिऱ्हाईक साऱ्या जगातले, म्हणून भागते." मी विचारले, "तुझा माल कोणी चोरला तर?" तो हसला. या प्रणालीचा परवानाच असा आहे, की तिच्यावर बेतलेले काम ज्याने घेतले, त्याला ते उघडून पाहण्याचा, बदलण्याचा आणि दुसऱ्याला देण्याचा हक्क असतो. म्हणजे माल चोरण्याचा प्रश्नच नाही. तो मुळात सर्वांचा आहे.

बंधुभगिनींनो, येथे माझे कान टवकारले. माल जर सर्वांचा, तर लोक पैसे कशाचे देतात? ते देतात देखभालीचे. मूळ प्रणालीची नवी आवृत्ती आली, की जोड पुन्हा घासूनपुसून बसवावा लागतो. कुठे भोक राहिले, तर चोर शिरण्याआधी बुजवावे लागते. आणि अमेरिकेतला एखादा डॉक्टर रात्री दोन वाजता लिहितो, की माझ्या रोग्यांच्या वेळा एकमेकींवर आल्या, तेव्हा त्याला कोणी तरी धीराने उत्तर द्यावे लागते. वर्ष संपल्यावर तो पुन्हा पैसे भरतो, तो त्या उत्तरासाठी. गिरणीमालकाचे भांडवल मागात होते; या कंपनीचे सारे भांडवल माणसांच्या जागेपणात आहे. हा धंदा वाढवायचा, तर आधी काय सांभाळले पाहिजे, हे यातूनच ठरते.

हे उत्तर देणारी होती चिपळूणची मुलगी. दिवसा घरचे काम, रात्री अमेरिकेचे. उत्तरामागे तिला ठरावीक पैसे मिळत. गिऱ्हाइके वाढली तसे प्रश्न वाढले. रविवारही गेला. एके दिवशी ती चक्कर येऊन पडली आणि तिने काम सोडले. पंधरा दिवसांत कंपनीच्या पेटीत चारशे पत्रे साचली आणि तो मुलगा माझ्या दारात आला. म्हणाला, "काका, तुम्ही माणसांचे भांडण मिटवता. माझे तर कोणाशी भांडणच नाही, तरी माणसे का जातात?"

मी म्हटले, "अरे, भांडण नाही, हाच तुझा रोग आहे. भांडायला माणसे एका जागी यावी लागतात."

त्याला मी नारायण मेघाजी लोखंडे यांची गोष्ट सांगितली. १८८४ साली त्यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांची सभा बांधली आणि १८९० साली साप्ताहिक सुटी मिळवली. आपला रविवार पंचांगातून आलेला नाही. तो मागून, झगडून मिळालेला आहे. आणि हे शक्य झाले, कारण माणसे एका फाटकातून बाहेर पडत होती. याच उपनगरात, घाटकोपरच्या पंतनगरात, दत्ता सामंत नावाचे डॉक्टर दवाखाना चालवत. खाणीत दगड फोडणारे मजूर त्यांच्याकडे औषधाला येत. त्या दवाखान्यातून त्यांची चळवळ सुरू झाली. १९८२ च्या गिरणी संपाविषयी मतभेद असोत. पण दुखणे एका ठिकाणी दिसले, म्हणून त्याचे कारण कळले, हे कोणी नाकारणार नाही. चिपळुणात आलेली चक्कर मुलुंडला कशी दिसावी?

काही मित्र यावर म्हणतील, की मग ही घरबसल्या कामाची पद्धतच बंद करा. मी त्यांच्याशी सहमत नाही. मुलुंडहून चर्चगेटला लोंबकळत जाण्यात कोणती क्रांती आहे? शिवाय घरी बसून काम करणे आपल्याकडे नवे नाही. त्याचे दोन जुने नमुने आपल्यासमोर आहेत.

पहिला विडीचा. सिन्नरला, सोलापूरला बायका पाने आणि तंबाखू घरी नेत, हजारावर मजुरी घेत आणि नापसंत विड्यांचा तोटा स्वतः सोसत. मालक म्हणे, ही माझी कामगारच नव्हे. १९६६ साली विडी कामगारांचा कायदा झाला आणि घरी बसून काम करणारीही कामगारच, हे त्यात मान्य झाले. हा कायदा आता २०२५ च्या नोव्हेंबरात लागू झालेल्या नव्या संहितांत विलीन झाला आहे; पण ते तत्त्व विसरू नका. आणि घराघरांत विखुरलेली माणसे संघटित होत नाहीत, असे ज्यांना वाटते, त्यांनी सोलापूरजवळ कुंभारीला जावे. गोदूताई परुळेकरांच्या नावाची दहा हजार घरांची वसाहत विडी कामगार बायकांनी तेथे उभी केली.

दुसरा नमुना पापडाचा. १५ मार्च १९५९ रोजी गिरगावात सात बायकांनी ऐंशी रुपये उसने घेऊन पापड लाटले. तेच पुढे लिज्जत झाले. तेथेही बाई पीठ घरी नेते आणि पापड लाटून आणते. पण तेथे लाटणारी प्रत्येक बहीण मालकीण आहे, आणि नफ्यातोट्यात तिचा वाटा आहे. संस्थेच्या संस्थापकांपैकी जसवंतीबेन पोपट यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली. त्याही सातच होत्या, हे मी त्या मुलाला मुद्दाम सांगितले.

दोन्हीकडे काम घरीच. फरक एवढाच, की हिशेबाची वही एकीकडे मालकाच्या पेटीत आणि दुसरीकडे बायकांच्या समोर. तुमचे प्लगिन विडीच्या वाटेने जाणार की पापडाच्या, हे संगणक ठरवत नाही.

आणखी एक सावधगिरी सांगतो. मी मूळचा कोकणातला. खोत आणि कूळ हे शब्द मला ठाऊक आहेत. परवान्याने प्रणाली सर्वांची असली, तरी जेथून लोक प्लगिन घेतात, ते कोठार दुसऱ्याच्या ताब्यात असते. २०२४ च्या ऑक्टोबरात काय झाले? ते कोठार चालवणारे मुलेनवेग आणि 'डब्ल्यूपी इंजिन' ही कंपनी यांच्यात वाद पेटला, आणि त्या कंपनीचे लाखो वेबसाइटींवर चालणारे 'ॲडव्हान्स्ड कस्टम फील्ड्स' हे प्लगिन कोठारातल्या त्याच जागेवर नव्या नावाने दुसऱ्यांच्या हाती गेले. डिसेंबरात अमेरिकेतल्या न्यायालयाने तात्पुरता मनाई हुकूम काढला, तेव्हा ती जागा परत मिळाली. मोठ्या कंपनीला वकील परवडले. सात माणसांना परवडतील काय? म्हणून गिऱ्हाइकाशी आपली थेट ओळख हवी, आणि ती ओळख कोणाकडे असते? उत्तर देणाऱ्या मुलीकडे. फिरून आपण तेथेच येतो.

मग त्या मुलाने काय केले? पहिल्यांदा तो चिडला. म्हणाला, "काका, तुमचा भोंगा माझ्या धंद्यात वाजणार नाही." पण महिन्याभराने चिपळूणला जाऊन तो त्या मुलीला भेटला. आता उत्तरामागे पैसे बंद झाले. महिन्याचा पगार आहे. रात्रपाळी सातांत फिरते, मालकालाही ती आहे. रविवारी उत्तर मिळणार नाही, असे वेबसाइटवर लिहिले आहे. त्यामुळे काही गिऱ्हाइके गेली, हे मी लपवत नाही. वर्षाची वर्गणी थोडी वाढवावी लागली. आठवा माणूस घेण्याचे लांबणीवर पडले. पण वही दर महिन्याला सातांसमोर उघडी होते, आणि ती मुलगी परत आली आहे.

वाट्याचा प्रश्न मात्र अजून सुटलेला नाही. तो म्हणतो, कल्पना माझी, रात्री मी जागलो. ती म्हणते, नंतरच्या रात्री कोणी जागल्या? दोघेही खरेच बोलतात. गेल्या महिन्यात या मुद्द्यावर त्यांचे दोन तास भांडण झाले, सातही जण पडद्यावर हजर होते, आणि मी एका कोपऱ्यात चहा पीत बसलो होतो. माझ्या उभ्या आयुष्यात भांडण ऐकून इतके समाधान मला क्वचितच वाटले असेल.

आपल्यापैकी पुष्कळांची मुले आज अशाच बिनफाटकाच्या कारखान्यांत कामाला आहेत. आज रात्री घरी गेल्यावर एवढेच करा. बंद खोलीत ज्याचा दिवा जळत असेल, त्याला विचारा, बाळा, तुझी पाळी सुटते केव्हा? त्याला उत्तर देता आले नाही, तर त्याला माझ्याकडे पाठवा.